पंधरावा बेडूकमासा

ला पालोमेरा गावात माश्या मारत बसलेली माणसं पुष्कळ होती. माश्या पाळणारी मात्र एकच, फ्लोरेस्मीरा रियास्कोस.

नवा महामार्ग डोंगराच्या पलीकडून गेला, आणि काली शहराहून ब्वेनाव्हेन्तुरा बंदराकडे जाणारा जुना रस्ता ओस पडला. दिवसाला दोन बस आणि चुकून वाट विसरलेला एखादा ट्रक, एवढीच काय ती वर्दळ. फ्लोरेस्मीराची रस्त्याकडेची टपरी होती. तळलेला मासा, तळलेली कच्ची केळी, मीठ लावलेली उकडलेली चोंतादुरो, म्हणजे ताडाच्या जातीची पिठूळ फळं. नवरा एर्मोखेनेस गेला, गिऱ्हाइकं गेली, आणि छप्पन्नाव्या वर्षी ती रोज सकाळी चूल पेटवायची ती निव्वळ सवयीनं.

तिथे एक दिवस चिखलाचे बूट घातलेला, दाढीचे चारच केस असलेला एक तरुण येऊन उभा राहिला.

"सडलेली केळी आहेत का?"

"चांगली आहेत. ती चालत नाहीत का तुला?"

"नाही हो, सडलेलीच हवीत. जितकी घाण तितकी बरी."

शेजारच्या बाकावर फ्लोरेस्मीराची नणंद बेर्तील्दा मासे साफ करत होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "दे गं वहिनी, देऊन टाक. शिकलेल्या माणसांचं पोट वेगळं असतं."

तो तरुण म्हणजे येसिद तास्कोन. जीवशास्त्र शिकून कालीहून आलेला. रस्ता कामगारांची जुनी खोली त्यानं भाड्यानं घेतली होती आणि तिथे काचेच्या पेट्यांत तो बेडूक ठेवत होता. बेडकांना खायला माश्या लागायच्या, तिळाएवढ्या, पंख नसलेल्या. शहरातून त्यानं बरण्या भरून आणल्या होत्या, पण इथल्या दमट हवेत बरण्यांना बुरशी धरली आणि माश्या पटापट मेल्या. ज्या उरल्या, त्यांच्या झाकणाचं फडकं सैल राहिलं. त्या शहरी माश्यांनी गावातल्या माश्यांशी सोयरीक केली आणि पुढच्या पिढीला पंख फुटले. येसिद बरणी उघडायचा आणि बेडकांचं जेवण खिडकीतून उडून जायचं.

फ्लोरेस्मीरानं त्याची एक बरणी हातात घेतली, नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय आंबवलंयस का कुजवलंयस? माझ्या बापानं आयुष्यभर उसाची दारू गाळली. आंबणं म्हणजे काय, ते मला विचार. सोड इथे बरण्या."

तिनं केळी कुस्करली, त्यात दारूच्या पिंपाच्या तळाचा गाळ घातला, बुरशीला आळा म्हणून चमचाभर व्हिनेगर, आणि तोंडाला जुन्या परकराचं कापड दोनपदरी बांधलं. पंधरा दिवसांत बरण्या काळ्या झाल्या, इतक्या माश्या! येसिद बरणी उजेडात धरून नाचायचाच बाकी राहिला. वयानं मोठ्या बाईला मानानं 'दोन्या' म्हणतात, तसं म्हणून तो ओरडला,

"दोन्या फ्लोरेस्मीरा, तुम्ही जादू केलीत!"

"जादू कसली. भूक लागली की कोणीही खातं, आणि खाल्लं की पोरं होतात."

तेव्हापासून ती त्याच्याकडे नोकरीला लागली. गावानं अर्थातच तिला सोडलं नाही. बस थांबली की ड्रायव्हर ओरडायचा, "काय, आज जनावरांना चरायला सोडलं नाही का?" बेर्तील्दा दर रविवारी चर्चच्या पायरीवर सगळ्यांना सांगायची, "आमच्या वहिनीचा गोठा बघा एकदा. दूध मात्र निघत नाही." एकदा बरणी फुटून माश्या बेर्तील्दाच्या माशाच्या रश्श्यात पडल्या, तेव्हा मात्र आठवडाभर दोघींचं बोलणं बंद होतं.

एक गोष्ट येसिदच्या लक्षात आली होती. फ्लोरेस्मीरा रोज बरण्या घेऊन यायची, दाराशी ठेवायची आणि मागे फिरायची. चार महिने झाले, तिनं खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

"आत या ना. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ते बघायचे नाहीत का?"

"बेडूक काय बघायचे. बेडकांत जन्म गेला माझा."

त्या दिवशी पाऊस जोराचा होता आणि दाराशी उभं राहायला जागा नव्हती, म्हणून ती आत गेली. गेली आणि जागच्या जागी थांबली. पहिल्याच पेटीत, ओल्या पानावर तो बसला होता. काळा कुळकुळीत, आणि अंगावर लाल पट्टे. कोणी ओला रंग नुकताच ओढावा तसे. अंगठ्याच्या दोन पेरांएवढा जीव, पण सगळी खोली त्याचीच असल्यासारखा बसलेला.

"लालपट्टी," ती म्हणाली.

"ओळखता तुम्ही?"

ती टेबलाकडे वळली होती. टेबलावर एका ट्रेमध्ये काळ्या डब्या रांगेनं मांडल्या होत्या. पूर्वी ज्यांत कॅमेऱ्याची रिळं मिळायची, त्या प्लास्टिकच्या डब्या. येसिद सांगू लागला, "विमानतळावर एका सुटकेसमध्ये सापडले. एकेका डबीत एक बेडूक, ओल्या कापसावर. एकशे वीस होते. उघडल्या तेव्हा यातले एकोणीस जिवंत होते. आता अकरा उरलेत."

फ्लोरेस्मीरा जवळच्या खोक्यावर बसली आणि तिनं कोणालाही न सांगितलेलं सगळं सांगितलं. ती दहा वर्षांची असताना महिन्यातून एकदा पिवळ्या मिशांचा एक परदेशी जीप घेऊन यायचा. एका लालपट्टीमागे थंड पेयाची एक बाटली आणि बिस्किटं. सगळ्या गावाची पोरं पकडायची, पण फ्लोरेस्मीराचा हात कोणी धरू शकत नव्हतं. ती टाळूला जीभ लावून नराचा आवाज हुबेहूब काढायची, बदकाच्या पिल्लाला सर्दी झाल्यासारखा. आपल्या हद्दीत दुसरा कोण आला म्हणून खरा नर भांडायला धावत यायचा आणि तिच्या हातातल्या पानाच्या पुरचुंडीत जाऊन पडायचा. वर फांद्यांवर बसलेले हाती लागत नाहीत म्हणून बाप्ये झाडंच्या झाडं पाडायचे. तिचा बाप चारचौघांत तिच्या पाठीवर थाप मारायचा.

"किती पकडले ते मोजले नाहीत कधी," ती म्हणाली. "मग एक दिवस मी आवाज काढला आणि कोणी आलंच नाही. तुझ्या त्या डब्या बघितल्या ना, आणि वाटलं, माझ्या हातचेही असेच गेले असणार."

येसिद रागावेल, निदान गप्प तरी होईल, असं तिला वाटलं होतं. तो ताडकन उभा राहिला.

"म्हणजे कुठे राहायचे ते तुम्हाला माहीत आहे? नेमकी जागा? कुठला ओढा, कुठली झाडं?"

"डोळे बांधून नेईन."

"अहो, मी चार वर्षं हेच शोधतोय! पकडणाऱ्यांनी जागा कधी कोणाला सांगितल्या नाहीत. नकाशावर नुसतं 'आंचिकाया नदीचं खोरं' लिहिलंय, एवढंच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दोघं निघाले. तीन तासांची चढण. फ्लोरेस्मीराचे गुडघे कुरकुरत होते पण पाय थांबत नव्हते. चाळीस वर्षांत विसरलेल्या वाटा पायांना एकेक करून आठवत होत्या. इथे दगड, इथे वळण, इथे ओढ्याला दोन फाटे फुटतात. ओढ्याच्या काठी ती उकिडवी बसली, जीभ टाळूला लावली आणि आवाज काढला. येसिद कान देऊन ऐकत होता. पेटीतला नर आणि ही बाई, यांत फरक सांगता आला नसता.

उत्तर आलं नाही. तिनं जागा बदलली, पुन्हा आवाज काढला. दुपारपर्यंत अकरा ठिकाणी. पाणी वाहत होतं, पक्षी ओरडत होते, बाकी काही नाही. एका जागी तिला मोठा बुंधा सापडला. शेवाळानं मढलेला, पण कुऱ्हाडीचा घाव सपाट दिसत होता. त्यावर हात ठेवून ती थोडा वेळ उभी राहिली.

उतरताना ती खाली बघून चालत होती. येसिद मात्र मागे वळून वळून बघत होता.

"दोन्या फ्लोरेस्मीरा, वर बघितलंत का तुम्ही? तुम्ही म्हणता, सगळं तोडलं होतं. आता बघा. केवढी झाडं वाढलीत! फांद्याफांद्यांवर रानअननस आहेत, पानांच्या बेचक्यांत पाणी आहे. घर पुन्हा उभं राहिलंय. फक्त राहणारे हवेत."

"मग वाढव की तुझे."

"तिथंच तर गाडं अडलंय," तो म्हणाला.

गाडं अडलं होतं ते असं. लालपट्टीची मादी पानावर चार-दोन अंडी घालते, नर ती ओली ठेवतो. बेडूकमासे निघाले की आई त्यांना पाठीवर बसवून चढते आणि एकेकाला रानअननसाच्या पानांच्या बेचक्यात, घोटभर पाण्यात, नेऊन सोडते. तिथे खायला काही नसतं. मग आईच दर दोन-तीन दिवसांनी येते, त्या पाण्यात पोरासाठी एक अंडं टाकते, आणि पोर तेच खाऊन मोठं होतं. दुसरं काही त्याला चालत नाही. येसिदनं कोंबडीच्या अंड्याचा बलक थेंबाथेंबानं देऊन बघितला होता. पाणी नासलं, बेडूकमासा मेला. त्याच्या पेट्यांत माद्या पोरांना नेऊन सोडायच्या, पहिलं अंडंही घालायच्या, आणि मग पोराला विसरून जायच्या. तेरा बेडूकमासे उपाशी मेले होते.

"कुठली आई पोराला विसरते?" फ्लोरेस्मीरा म्हणाली.

"बंदिवासात विसरतात, असं म्हणतात."

"म्हणणाऱ्यांनी बघितलंय का बसून?"

तेव्हापासून तीच बसून बघू लागली. माश्यांचं काम उरकायचं, खोकं पेटीसमोर उपडं करायचं आणि हनुवटी तळहातावर टेकून बसायचं. आठवड्याभरात तिला अकराही जणांचे स्वभाव पाठ झाले. एक नर भांडखोर, एक आळशी, एक माशी तोंडात धरून तशीच विसरणारा. एका मादीचा खांद्यावरचा पट्टा मध्येच तुटलेला होता आणि ती सारखी सगळीकडे डोकावत हिंडायची. फ्लोरेस्मीरानं तिचं नाव एलोदिया ठेवलं, गावातल्या एका मेलेल्या भोचक म्हातारीवरून. लाल रंग फिका वाटतोय म्हणून तिनं माश्यांच्या खाण्यात शेंदरीच्या बियांची पूड घातली. स्वयंपाकात घालतात तीच. महिन्याभरात पट्टे पुन्हा पेटल्यासारखे दिसू लागले. येसिदनं ते वहीत लिहिलं आणि तिचं नाव पुढे लिहिलं. तिला ते आवडलं.

एका शुक्रवारी एलोदियाच्या पाठीवर चौदावा बेडूकमासा दिसला. डाव्या कोपऱ्यातल्या रानअननसाच्या कुंडीवर चढून, काचेकडच्या बेचक्यात तिनं त्याला सोडलं. रविवारी येऊन एक अंडं घातलं. येसिदनं काडीला बांधलेला छोटा आरसा वर धरून दाखवलं. पाण्यात पिवळसर मण्यासारखं अंडं, आणि शेपूट हलवत त्याला चिकटलेलं पोर. फ्लोरेस्मीरानं छातीवर क्रूस काढला.

सोमवार साफसफाईचा. येसिद स्वच्छतेच्या बाबतीत सासूच होता. हातमोजे घालून सगळ्या कुंड्या बाहेर काढायच्या, काच धुवायची, कुंड्या परत ठेवायच्या, आणि प्रत्येक झाडाला चारी बाजूंनी उजेड मिळावा म्हणून दर वेळी जागा बदलून, अर्ध्या वर्तुळात फिरवून. चौदावा आपल्या बेचक्यात बसल्या बसल्या उजव्या कोपऱ्यात गेला.

मंगळवारी सकाळी एलोदिया निघाली. डाव्या कुंडीवर चढली. काचेकडच्या बेचक्याशी गेली. आत डोकं घातलं. मागे फिरली, पाठमोरी होऊन पाण्यात उतरली, थांबली. बाहेर आली. पुन्हा डोकं घातलं. उजव्या कुंडीत पोर आईच्या पावलांची थरथर लागल्यासारखं अंग ताठ करून शेपूट नुसतं थडथडवत होतं, आणि आई हातभर अंतरावर रिकाम्या पाण्यात बघत होती.

बुधवारी तेच. गुरुवारी तेच. फ्लोरेस्मीराला रागही आला आणि रडूही. "अगं बये, तिकडे! तिकडे आहे तो!" ती काचेवर टकटक करणार होती, येसिदनं हात धरला.

शनिवारी ती अंगण झाडत होती. रस्त्यावर एक जुना ट्रक आला, तिच्या टपरीवरून पुढे गेला आणि वीस पावलांवर, झुडपं माजलेल्या मोकळ्या जागेशी थांबला. ड्रायव्हर उतरला, इकडेतिकडे बघितलं, डोकं खाजवलं. दरड कोसळण्याआधी टपरी तिथे होती. दरडीनंतर तिनं ती वीस पावलं मागे घेतली, तेव्हापासून जुनी गिऱ्हाइकं अशीच चुकायची. तीच चूल, तोच मासा, धूर डोळ्यांना दिसतोय, तरी पाय जुन्या जागेशी जाऊन थांबायचे.

केरसुणी तिच्या हातातून पडली.

"अहो बाई, मासा मिळेल का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"आज नाही!" ती म्हणाली आणि धावत सुटली.

"वहिनी, आग लागली का कुठे?" बेर्तील्दा ओरडली. उत्तर द्यायला फ्लोरेस्मीरा थांबली नाही. छप्पन्न वर्षांची भरल्या अंगाची बाई, एका पायात चप्पल नाही, चढाच्या रस्त्यावरून धावतेय, हे गावानं पहिल्यांदाच बघितलं.

"पोराला ओळखत नाही ती!" खोलीत शिरताच ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "घर ओळखते! डावा कोपरा, वरची पायरी, काचेकडचं दार. पत्ता पाठ आहे तिला. ती रोज येतेय रे पोरा, तूच घर हलवतोस!"

येसिदनं आधी पेटीतल्या कुंड्यांकडे बघितलं. मग तो सावकाश जमिनीवर बसला.

"मी वाचलं होतं हे," तो म्हणाला. "यांच्या नात्यातल्या बेडकांबद्दल. आई जागेवरून ओळखते. वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण कुंडी फिरवली की जागा बदलते, हे माझ्या डोक्यातच..." तो उठला, आरसा घेतला, उजव्या कुंडीत बघितलं. बराच वेळ तो आरसा खाली करेना.

चौदावा सकाळीच गेला होता.

"मी मारले हे सगळे," येसिद म्हणाला. "हातमोजे घालून."

फ्लोरेस्मीरा त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "तुझे चौदा झाले. माझे मी मोजलेही नाहीत म्हटलं ना तुला. आता रडायचं असेल तर लवकर रड, कारण पलीकडच्या पानावर अजून दोन अंडी आहेत."

त्यांनी नियम बदलले. कुंडीला हात लावायचा नाही. काच हिरवी झाली तर होऊ दे. येसिदला बुरशीच्या धास्तीनं झोप लागेना; तो दहादा कापड घेऊन पेटीपाशी यायचा आणि दहादा फ्लोरेस्मीरा त्याच्या हातावर चापट मारायची. तिनं बेर्तील्दाच्या लाल नेलपॉलिशनं प्रत्येक कुंडीच्या बुडाशी आणि पेटीच्या तळावर एकेक ठिपका लावला, म्हणजे चुकून धक्का लागला तरी जागा सापडावी. बेर्तील्दाला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. मला नटायला कुठे जायचंय, बेडकी तरी नटू देत."

दोन अंड्यांतलं एक वाया गेलं. दुसऱ्यातून पंधरावा बेडूकमासा निघाला. एलोदियानं त्याला पाठीवर घेतलं, अख्खा दिवस पेटीभर हिंडवलं, घर पसंत पडेना. शेवटी मागच्या कुंडीच्या मधल्या बेचक्यात सोडलं.

येसिदला नेमकं त्या आठवड्यात कालीला जावं लागलं. त्यानं जाताना शंभर सूचना दिल्या. पहिलं अंडं पडलं, पण पहिलं तर चौदाव्यालाही मिळालं होतं. खरी परीक्षा दुसऱ्याची. सोमवार आला आणि कुंड्या हलल्या नाहीत. मंगळवारी सकाळी फ्लोरेस्मीरा खोक्यावर हनुवटी तळहातावर टेकून बसली होती.

नऊ वाजून गेले असतील. एलोदिया पानाखालून निघाली. वाटेत एक माशी गिळली. "खाऊन घे, पण लवकर ये," फ्लोरेस्मीरा पुटपुटली. एलोदिया मागच्या कुंडीवर चढली. मधलं बेचकं. डोकं आत. पाण्यात पोरानं अंग ताठ केलं आणि असं थडथडलं की पाण्यावर कडी उमटली. आई थांबली. बघितलं. मग ती वळली, पाठमोरी होऊन आत उतरली, आणि हलेना. एक मिनिट, दोन, पाच. फ्लोरेस्मीराच्या हाताला मुंग्या आल्या पण तिनं हात काढला नाही. एलोदिया बाहेर आली, काही विशेष घडलं नसल्यासारखी खाली उतरून गेली.

फ्लोरेस्मीरानं आरसा वर धरला. पाण्यात दोन अंडी होती, आणि पंधराव्याचं तोंड त्यातल्या एकात रुतलेलं होतं.

गावात फोनला आवाज मिळायचा तो फक्त रस्त्याच्या वळणावर, क्रूसाच्या चौथऱ्यावर उभं राहिलं तर. ती चौथऱ्यावर चढली.

"येसिद! येसिद, ऐकू येतंय का? घातलं! अंडं घातलं! एक नाही, दोन घातली!"

पलीकडून खरखर. "काय? कोणी?"

"अरे आईनं! आत जाऊन घातली! पोर खातंय!" दरीत तिचा आवाज घुमला. घराघरांतून माणसं बाहेर आली. दहाची बस नुकतीच येऊन थांबली होती. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"कोणाच्या कोंबडीनं घातली?"

"कोंबडी नाही, बेडकी!"

"एवढा आरडाओरडा दोन अंड्यांसाठी?"

"तू घालून दाखव एक!" फ्लोरेस्मीरा म्हणाली. अख्खी बस हसली. फोनवर येसिद काय बोलतोय ते कळत नव्हतं, पण तो हसतोय की रडतोय असा आवाज येत होता. बेर्तील्दा फ्राय करायचा झारा हातात घेऊनच आली होती. तिनं वहिनीला चौथऱ्यावरून खाली उतरवलं, तिचं तोंड बघितलं आणि टोमणा मारायचं विसरून तिला मिठीच मारली.

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी एलोदिया येत राहिली. गावातली माणसं काही ना काही निमित्त काढून खोलीत डोकावू लागली. एकावेळी दोघंच, बूट बाहेर, आणि काचेला नाक लावायचं नाही, हा फ्लोरेस्मीराचा कायदा. पंधराव्याला मागचे पाय फुटले ती बातमी चर्चमध्ये प्रार्थना संपायच्या आत सगळ्या बाकांवर पोचली. पुढचे पाय फुटले तेव्हा बस ड्रायव्हरनं गाडी बंद करून उतरून येऊन बघितलं. अडीच महिने झाल्यावर एका दुपारी तो बेचक्यातून बाहेर आला आणि पानाच्या टोकाशी बसला. करंगळीच्या नखाएवढा. शेपटीचा काळा ठिपका अजून मागे होता. अंगावर पट्टे होते, पण मळकट, विटकरी; लाल व्हायला वेळ होता.

येसिदनं वहीत तारीख लिहिली. अक्षरं वेडीवाकडी आली. "पहिलाच," तो सारखं म्हणत होता. "दोन्या फ्लोरेस्मीरा, पहिलाच."

"ते ठीक आहे. पण हा खाणार काय?"

त्यांनी माश्या सोडल्या. माशी पिल्लापुढे चालत आली तेव्हा दिसलं की ती त्याच्या डोक्याएवढी आहे. पिल्लू दोन पावलं मागे सरकलं. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी त्याच्या कुशी आत गेलेल्या दिसू लागल्या. येसिद फोन करकरून लोकांना विचारत होता. कोणी म्हणालं, पालापाचोळ्यातले ते पांढरे, खसखशीहून बारीक, टुणकन उडणारे किडे द्या; पण ते वाढवायचे तर महिना लागेल.

"वाढवायचे कशाला? रानात काय दुष्काळ पडलाय?" फ्लोरेस्मीरानं पिठाची चाळण घेतली, पांढरी चादर घेतली आणि दारातूनच हाक मारली, "बेर्तील्दा! चल!"

"मी? किडे वेचायला? या वयात?"

"तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे, म्हणून."

बेर्तील्दा हात पुसत निघाली. दोघी जणी ओढ्याकाठी गुडघ्यांवर बसल्या. ओला पाला चाळणीत घ्यायचा, चादरीवर हलवायचा आणि खाली जे पांढरं टुणटुणेल ते मऊ पिसानं डबीत लोटायचं. "हा बघ! हा बघ, पळाला!" बेर्तील्दा लहान पोरीसारखी ओरडत होती. "वहिनी, तिकडे तीन आहेत! अगं हात काढ, माझे आहेत ते!" दुपारपर्यंत दोघींच्या कमरा धरल्या आणि डबीचा तळ पांढरा झाला.

पेटीत त्यांनी चिमूटभर किडे पानावर सोडले. पिल्लू बसून राहिलं. एक किडा त्याच्यासमोर टुणकन उडाला. पिल्लाच्या पायाची बोटं हलली. त्यानं मान वळवली, एक पाऊल टाकलं, आणि जीभ कधी बाहेर आली, कधी गेली ते दिसलंच नाही. पानावरचा किडा मात्र नाहीसा झाला.

"खाल्ला!" बेर्तील्दा किंचाळली. "एक! दोन! अरे देवा, अधाशी आहे मेला. तीन!"

"हळू बोल, घाबरेल तो," फ्लोरेस्मीरा म्हणाली, पण ती स्वतःच ओरडत होती.

बेर्तील्दा नवापर्यंत मोजत पोचली होती, तेवढ्यात येसिदनं फ्लोरेस्मीराचा खांदा हलवला. तो बोट दाखवत होता. पेटीच्या तळाशी, पाल्यावरून, एलोदिया चालली होती. ती मागच्या कुंडीच्या दिशेनं निघाली होती, आणि तिच्या पाठीवर एकाशेजारी एक असे दोन बेडूकमासे बसलेले होते.